लेकरू रडता रडता उलटी करतं: सारखे विचारले जाणारे प्रश्न

माझी धाकटी पावणेदोन वर्षांची असताना हे सुरू झालं आणि साडेतीनला थांबलं. तेव्हापासून आमच्या कर्नाटकातल्या बेळगाव भागातल्या, म्हणजे शहापूर, वडगाव, खानापूर, निपाणीकडच्या कितीतरी आया हेच प्रश्न पाठवतात, बहुतेकदा रात्री, पोर झोपल्यावर, तेव्हा म्हटलं एकदाच नीट लिहून ठेवूया. मी डॉक्टर नाही. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी वेळोवेळी समजावलेलं आणि घरात करून बघितलेलं एवढंच यात आहे. उलटी हिरवी असेल, रक्ताची असेल किंवा लेकरू सुस्त पडलं असेल तर बाकी काही वाचत बसू नका, थेट प्रश्न १६ बघा.

१. रडून रडून पोरगं ओकतंय, हे नॉर्मल आहे का? पोटात काय बिघाड तर नाही ना?

बहुतेक वेळा नॉर्मल. लहान मुलांना उमासा लवकर येतो, घशाच्या मागच्या बाजूला जरा काही लागलं की झालं, आणि जोरात रडताना नेमकं तेच होतं बघा, नाक गळतं, शेंबूड घशात उतरतो, हुंदके देता देता हवा गिळली जाते, खोकला येतो, पोटाचे स्नायू आवळून दाब पडतो आणि अर्ध्या तासापूर्वी प्यालेलं दूध वर येतं. सर्दी-कफाच्या दिवसांत जास्त होतं, पोट भरलेलं असताना जास्त होतं, दोन-तीन दिवस शी झाली नसेल तरी होतं. काळजी नको हे ओळखायचं कसं, तर उलटीनंतर थोड्या वेळात लेकरू परत खेळायला लागतं, वजन वाढतंय, शू-शी नीट आहे आणि रडल्याशिवाय उलटी होत नाही. यातलं एक जरी जुळत नसेल तर प्रश्न १६.

२. हे किती वर्षांपर्यंत चालणार?

हट्टाचा जोर दीड ते तीन वर्षांत सगळ्यात जास्त असतो आणि चारपर्यंत बराच ओसरतो, त्याच्यासोबत उलटीपण कमी होते. बोलता यायला लागलं की सगळ्यात मोठा फरक पडतो. पाचव्या वर्षीही प्रत्येक रडण्यात उलटी होत असेल तर वाट बघू नका, डॉक्टरांना दाखवा.

३. उलटी सुरू झाली की त्या मिनिटाला नक्की काय करायचं? माझे तर हातपाय गळतात.

पहिलं काम, लेकरू उताणं लोळत असेल तर बसवा किंवा कुशीवर वळवा, तोंड जमिनीकडे. उताणं असताना ओकलं तर ते श्वासनलिकेत जायची भीती असते, बाकी कशापेक्षा हे महत्त्वाचं. डोकं मागे करू नका, तोंडात बोट घालू नका, मध्येच पाणी पाजू नका, पाठीवर धपाधप मारू नका. उचलून मोरीकडे पळायचा मोह होतो, मीही पळायचे, त्यात उलटी पार स्वयंपाकघरापर्यंत जायची आणि लेकरू दचकून अजून ओकायचं. जिथं आहे तिथंच थांबा, एक हात कपाळाला लावा, एक पाठीवर ठेवा, आणि साध्या आवाजात सांगा, "आली का ओकारी, येऊ दे, मी आहे इथं."

मग पुसायचं. तोंड पुसा, कपडे बदला, खिडकी उघडा. यात जास्त बोलायचं नाही, ओरडायचं नाही, "अगं बाई गं" पण नाही आणि "बघ काय केलंस" पण नाही. लेकरं आपलं तोंड बघत असतात, आपण घाबरलो की तीही घाबरतात आणि परत रडतात. एक लहान टब, जुनी साडी फाडून केलेली चार-पाच फडकी आणि एक कपड्यांचा जोड हॉलमध्येच ठेवा, मला यानं निम्मी भीती कमी झाली. सगळं आवरलं की जिथं थांबलो होतो तिथूनच पुढं जायचं, म्हणजे मोबाईल नाही म्हटलं होतं तर आत्ताही नाहीच (का ते प्रश्न ५ मध्ये).

४. घरचे म्हणतात मुद्दाम करालंय, नाटकं आहेत. खरंच मुद्दाम करतं का?

दीड-दोन वर्षांच्या लेकराला "मी आता ओकते म्हणजे आई घाबरून देईल" असला बेत आखता येत नाही. उलटी खरी असते, त्याला त्रास होतोच, आणि त्याला नाटकी म्हणणं मला फार लागतं. पण एक गोष्ट खरी आहे, लेकरू शिकतं. उलटी झाली की सगळे धावतात, रडं थांबवायला बिस्कीट मिळतं, आंघोळ टळते, हे चार-पाच वेळा घडलं की डोक्यात जोडणी बसते आणि पुढच्या वेळी रडणं त्या टोकापर्यंत जायला लागतं. दोष त्याचा नाही, आपणच नकळत शिकवतो. तीन वर्षांच्या पुढचं आणि बोट घालून उलटी काढणारं मूल ही वेगळी गोष्ट, त्यासाठी प्रश्न १५.

५. उलटी झाल्यावर मागितलेलं देऊन टाकलं तर काय बिघडलं? एवढंसं लेकरू, बघवत नाही हो.

मलाही बघवायचं नाही, म्हणून घडलेलं सांगते. खडेबाजारात एका दुकानाबाहेर खेळण्यातला मोठा जेसीबी लटकवलेला होता, तो पाहिजे म्हणून पोरीनं भोकाड पसरलं आणि भर रस्त्यात माझ्या साडीवर ओकली. लोक थांबून बघायला लागले, एक आजी म्हणाल्या घेऊन द्या की वो पोरीला, आणि मला इतकी लाज वाटली की मी पर्समध्ये होते नव्हते तेवढे पैसे देऊन तो जेसीबी घेतला. त्यानंतर महिनाभर बाजारात जाणं मुश्कील झालं, दुकान दिसलं की रडं, रडं झालं की उमासे. डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला, त्या दिवशी उलटी झाली नसती तर घेतला असतात का? नाही. तेव्हा मला कळलं की मी जेसीबी पोरीला नाही, उलटीला घेऊन दिला होता.

म्हणून द्यायचंच असेल तर पहिल्यांदा मागितल्यावर, रडायच्या आधी द्या, आणि नाही म्हणालात तर उलटीनंतरही नाहीच ठेवा. एक आधीच सांगून ठेवते, नाहीवर टिकायला लागलात की पहिले काही दिवस रडणं आणि ओकणं दोन्ही उलट वाढतं, कारण लेकरू जुना रस्ता अजून जोर लावून बघतं. बहुतेक आया नेमक्या इथं सोडून देतात, आणि मग त्याला कळतं की थोडं जास्त रडलं की मिळतं. ते दिवस काढा. भूक, झोप, ओला लंगोट, दुखणं यासाठी रडत असेल तर त्यात नाही-होचा प्रश्नच नाही, ते लगेच बघायचं, त्यानं कुठलंही पोर बिघडत नाही.

६. सगळे सांगतात दुर्लक्ष करा. म्हणजे काय, ओकत असताना एकटं सोडायचं?

अजिबात नाही. खोलीत कोंडणं, दार लावून घेणं, असलं काही करू नका, उलटी करणाऱ्या लेकराच्या बाबतीत तर कधीच नाही. दुर्लक्ष म्हणजे मागणीवर वाद घालायचा नाही, समजावत बसायचं नाही, आमिष दाखवायचं नाही, पण हाताच्या अंतरावर बसून राहायचं. मी पालक निवडत किंवा लसूण सोलत शेजारी बसायचे. जवळ यावंसं वाटलं तर घ्या की कुशीत, माया दिली म्हणजे हट्ट पुरवला असं होत नाही.

७. उलटीनंतर लगेच दूध-भात भरवायचं का? ओआरएस द्यावं का?

लगेच काही नको. दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या, मग पाण्याचे एक-दोन घोट, त्यानं तोंडातलं आंबटही जातं. दात घासायचे असतील तर अर्ध्या तासानं, कारण उलटीतल्या आम्लानं दातावरचा थर त्या वेळी मऊ झालेला असतो. भूक लागली की ते स्वतः मागेल, तेव्हा मऊ भात, पेज, केळं, घरात असेल ते. "सगळं बाहेर पडलं" म्हणून जबरदस्तीनं परत भरवलं की दुसरी उलटी ठरलेली.

रडण्यातल्या एका उलटीला ओआरएस लागत नाही. जुलाब किंवा बऱ्याच उलट्या असतील तर लागतं, तेव्हा डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) फॉर्म्युला लिहिलेलं पाकीट घ्या, पाकिटावर १ लिटर लिहिलंय की २०० मिली ते वाचून तेवढ्याच उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण पाकीट घाला, दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा द्या, आणि २४ तासांनी उरलेलं ओता. दुकानातली गोड टेट्रापॅकची सरबतं म्हणजे ओआरएस नव्हे.

८. गादी-गोधडीचा वास जात नाही, पावसाळ्यात तर वाळतच नाही, काय करू?

आपल्याकडं जून ते सप्टेंबर हा खरा प्रश्न आहे, गोधडी धुतली तर चार दिवस तशीच ओली. गादीवर रबर शीट आणि वर जुन्या साड्यांच्या घड्या घाला, गोधडी काही महिने कपाटात जाऊ दे. गादीवर पडलंच तर आधी चमच्यानं खरवडून काढा, घासू नका, थंड पाण्याच्या फडक्यानं टिपा (गरम पाण्यानं दुधाचा वास घट्ट बसतो), मग खायचा सोडा पसरून रात्रभर ठेवा आणि सकाळी झाडून टाका.

९. उलटीपर्यंत जाऊच नये म्हणून आधी काय करता येईल?

बरंच काही. आठवडाभर एका वहीत फक्त लिहा, किती वाजता, आधी काय खाल्लं होतं, झोप झाली होती का, कशावरून रडलं. माझ्या वहीत दहापैकी सात वेळा संध्याकाळी सहा ते आठ आलं, म्हणजे दुपारची झोप हुकलेली आणि वर पेलाभर दूध प्यालेलं. दुपारची झोप सांभाळली आणि संध्याकाळचं दूध अर्धा कप केलं, एवढ्यानं निम्मं कमी झालं. दिवसभरात पण दूध ४००-५०० मिलीच्या पुढं जाऊ देऊ नका, पोट दुधानंच भरतं, जेवण जात नाही आणि शी पण घट्ट होते. पोट भरल्या भरल्या आंघोळ, नखं कापणं, नाकात ड्रॉप असली भांडणाची कामं ठेवू नका.

दुसरं, रडण्याची पायरी ओळखा. कुरकुर, मग रडं, मग हुंदके, मग खोकला, मग उमासे. कुरकुर चालू असताना लक्ष दुसरीकडं वळवता येतं, बाहेर नेऊन गाय दाखवा, पाण्यात हात घालू द्या, मांडीवर घेऊन हळू आवाजात गाणं म्हणा. हुंदक्यांनंतर समजावणं कानात शिरतच नाही, तेव्हा फक्त उभं धरा, नाक पुसून द्या, हवेत न्या. सर्दी असेल तर झोपायच्या आणि जेवायच्या आधी सलाईनचे थेंब टाकून नाक मोकळं करा.

तिसरं मोबाईल. डब्ल्यूएचओनं २०१९ मध्ये सांगितलंय की २ वर्षांखाली स्क्रीन नको, आणि २ ते ४ वर्षांत दिवसाला १ तासाच्या आत, कमी तितकं चांगलं. मला येणाऱ्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त रडं मोबाईल काढून घेताना सुरू होतं. हातातून हिसकावू नका, "हे एक गाणं संपलं की बंद" असं आधी सांगा, आणि गाणं संपलं की त्यालाच बटण दाबू द्या.

गणपतीत आणि लग्नसराईत घर भरलेलं असतं, ढोल-ताशे, रात्रीची जागरणं, प्रत्येकाच्या हातातून गोड, कुंदा, पेढे, असं सगळं एकदम झालं की शांत पोरंसुद्धा ओकतात. त्या दिवसांत दुपारी एक तास लेकराला घेऊन मागच्या खोलीत पंखा लावून पडा, पाहुण्यांना राग आला तर येऊ दे.

१०. मी नाही म्हणते आणि सासूबाई लगेच देतात, वर दृष्ट काढतात. घरात भांडणं होतात, काय करू?

उलटी चालू असताना वाद घालू नका, लेकरू शांत झाल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी बोला. मी आमच्या आत्यांना (म्हणजे सासूबाईंना) डॉक्टरकडंच सोबत नेलं, माझ्या तोंडून पटत नव्हतं ते डॉक्टरांच्या तोंडून लगेच पटलं. त्यांना एक काम नेमून द्या, ओकारी झाली की कपडे बदलायचे आणि कुशीत घ्यायचं काम आजीचं, फक्त खाऊ आणि मोबाईल त्या वेळी नको. आजीला लेकरासाठी काहीतरी करावंसं वाटतं, हातात काम असलं की त्या बिस्किटाच्या डब्याकडं वळत नाहीत.

दृष्ट काढण्याबद्दल माझं म्हणणं इतकंच की मीठ-मोहरी ओवाळून बाहेर टाका, घरात मिरच्या जाळू नका. त्या धुरानं मोठ्यांना ठसका लागतो, आधीच रडून घसा सोललेल्या लेकराला खोकला लागून परत उलटी होते, आणि मग सगळे म्हणतात बघा केवढी दृष्ट लागली होती.

११. मेडिकलमधून उलटीचं औषध आणून ठेवलंय, रडायला लागलं की देऊ का? घुटी?

नको. ही उलटी रडण्यातून येते, औषध पोटात जाऊन काम सुरू करेपर्यंत सगळं संपलेलं असतं. ओंडान्सेट्रॉन, डोमपेरिडोन ही औषधं वजनावर डोस ठरवून डॉक्टरांनीच द्यायची. घुटीतलं जायफळ, वेखंड जास्त उगाळलं गेलं तर गुंगी येते, उलटी वाढते, आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर अजिबात द्यायचा नाही. झोपेसाठी सर्दीचं सिरप पाजायचा सल्ला कुणी दिला तरी पाजू नका.

१२. अंगणवाडीत सोडलं की रडून ओकतंय. बाई कन्नड बोलतात, याला फक्त मराठी येतं. त्यामुळं होत असेल का?

असू शकतं, आणि हा प्रश्न आपल्याच भागातला म्हणून जरा लांब लिहिते. लेकराला तहान लागली, शू आली, भीती वाटली हे समोरच्याला सांगता येत नसेल तर उरतं फक्त रडणं. घरी खेळता खेळता पाच-सहा शब्द शिकवा: नीरु म्हणजे पाणी, बेकु म्हणजे पाहिजे, बेडा म्हणजे नको, साकु म्हणजे पुरे, होट्टे नोवु म्हणजे पोट दुखतंय. उलटीला कन्नडमध्येही वांतीच म्हणतात, तेवढं तर आधीच जमलं. बाईंना जाऊन भेटा आणि सांगा की रडताना वांती होते, घाबरू नका, कुशीवर वळवा, पुसा आणि लगेच घरी पाठवू नका, कारण ओकलं की घरी जायला मिळतं हे कळलं की रोज होणार. पिशवीत दोन जोड कपडे आणि फडकी द्या. सकाळी पोटभर दूध पाजून सोडू नका, अर्धी भाकरी किंवा थोडे पोहे, आणि निघायच्या आधी तासभर तरी. सोडताना लपून पळू नका, "जेवण झालं की मी येते" सांगा आणि खरंच तेव्हा या.

घरात मराठी, गल्लीत कन्नड, टीव्हीवर हिंदी, यानं लेकरू गोंधळतं आणि बोलणं उशिरा येतं असं सगळे सांगतात, ते खरं नाही, मुलं दोन-तीन भाषा एकत्र शिकतात. म्हणून दोन वर्षं झाली तरी दोन शब्द जोडून बोलत नसेल, नावाला वळून बघत नसेल, तर भाषांवर ढकलू नका. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यांना दाखवा किंवा बालरोगतज्ज्ञांकडं जा.

१३. गोव्याला जाताना चोर्ला घाटात हमखास ओकतं. हट्टामुळं की गाडी लागल्यामुळं?

रडायच्या आधी चेहरा पांढरा पडला, घाम आला, जांभया आल्या, गप्प झालं, तर गाडी लागली. आधी रडं मग उलटी असेल तर हट्ट. आंबोलीत पण तेच. गाडी लागण्याचा त्रास दोन वर्षांनंतर जास्त दिसतो, त्यासाठी हलकं खायला द्या, काच थोडी उघडा, मोबाईल नको, लांबचं बघायला सांगा. दोन्हीतलं काहीही असलं तरी चालत्या गाडीत पट्टा सोडून मांडीवर घेऊ नका, गाडी बाजूला लावा आणि मग सरळ बसवा.

१४. रडता रडता श्वास अडकतो, ओठ निळे पडतात, एकदा तर बेशुद्धच झालं. हे त्यातलंच का?

हे वेगळं. रडताना श्वास रोखला जाणं सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांत दिसतं, लेकरू निळं किंवा पांढरंफटक पडतं, कधी काही सेकंद शुद्ध हरपते आणि मिनिटाच्या आत श्वास आपोआप सुरू होतो. कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका, हलवू नका, तोंडावर पाणी मारू नका. पण पहिल्यांदा झालं की त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, हे फिटचे झटके तर नाहीत ना ते त्यांनाच ठरवू द्या. रक्त तपासायला सांगतील, कारण लोह कमी असलेल्या मुलांत हे जास्त होतं आणि लोह दिल्यावर बऱ्याच जणांचं कमी होतं. ५ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आशाताई आठवड्यातून दोनदा द्यायचं लोहाचं सिरप देतात, ते फडताळात पडून राहू देऊ नका. मिनिटाच्या वर श्वास नाही किंवा झटके थांबत नाहीत असं झालं तर १०८ला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवा.

१५. साडेतीन वर्षांचं आहे, रागात घशात बोट घालून उलटी काढतं. आता?

आरडाओरडा न करता हात हळूच बाजूला घ्या, आणि उलटी झालीच तर फडकं त्याच्याही हातात द्या, दोघं मिळून पुसा. हे शिक्षा म्हणून करायचं नाही, रागाच्या सुरात नको. मागितलेलं मिळणार नाहीच. रागाला शब्द द्या, "तुला लई राग आलाय, उशीला मार, पाय आपट." एकदोनदा झालं तर एवढं पुरे. आठवड्यातून बऱ्याचदा होत असेल, राग नसतानाही करत असेल किंवा वजन उतरत असेल तर डॉक्टरांशी बोला.

१६. डॉक्टरकडं कधी पळायचं?

ताबडतोब, रात्र असली तरी: उलटी हिरवी, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी, डोक्याला मार लागल्यावर उलटी, लेकरू सुस्त, जागं होत नाही, तापासोबत मान ताठ, पोट फुगलंय, थांबून थांबून कळ येते, पाय पोटाशी घेतं किंवा शी लाल जेलीसारखी होते, सहा-आठ तास शू नाही, रडताना अश्रू नाहीत, ओकताना श्वासनलिकेत जाऊन घरघर किंवा दम लागलाय. बटणासारखा सेल, रॉकेल किंवा कुणाची गोळी गिळल्याचा संशय असेल तर घरी उलटी काढायचा प्रयत्न करू नका, सरळ निघा. १०८ आपल्याकडंही चालते आणि पलीकडं महाराष्ट्रातही, निपाणीवरून कोल्हापूर जवळ वाटलं तर तिकडं जा, बेळगावात जिल्हा रुग्णालय आहेच. हद्दीचा विचार करत वेळ घालवू नका.

दोन-चार दिवसांत दाखवायचं: न रडता उलट्या, सकाळी उठल्या उठल्या उलट्या, झोपेतून उठून ओकणं, वजन न वाढणं, किंवा आठवड्यातून अनेकदा हे चालू असणं. जाताना प्रश्न ९ मधली वही न्या, आणि जमलं तर एका प्रसंगाचा व्हिडिओ.

१७. काल चौथ्यांदा गादी भरवली आणि मी फटका मारला. रात्रभर रडले. मी वाईट आई आहे का?

नाही. दिवसातून चार वेळा उलटी पुसणारी, अर्धी झोप झालेली आणि वर घरच्यांचं ऐकून घेणारी बाई कधीतरी तुटते. सकाळी लेकराला जवळ घेऊन सांगा, "आईनं मारलं, चुकलं, मारायचं नसतं," त्याला कळतं. पुढच्या वेळी हात शिवशिवला तर लेकरू सुरक्षित जागी बसलंय बघा, उमासे चालू नाहीत बघा, आणि घरातल्या कुणाला तरी हाक मारून दोन मिनिटं दाराबाहेर उभ्या राहा. काहीही झालं तरी धरून गदागदा हलवू नका, एवढ्याशा मुलाच्या मेंदूला त्यानं कायमची इजा होऊ शकते.

आणि हे रोजचंच झालं असेल, लेकराचं तोंड बघायला नको वाटत असेल, झोप उडाली असेल, तर टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलायचंय म्हणून सांगा. नवऱ्याला आठवड्यातले दोन दिवस संध्याकाळची सहा ते आठची वेळ सोपवा, त्या दोन तासांत ओकारी झाली तरी तुम्ही उठायचं नाही, टब कुठं आहे ते त्यांना आधीच दाखवून ठेवा.